दाढीवाली मामी

प्रिय भिंगरी,

पाकिटावर पाठवणाऱ्याचं नाव मुद्दामच घातलेलं नाही. घातलं असतं तर तू ते न फोडता कचऱ्यात टाकलं असतंस, एवढी मी तुला ओळखते. आता पहिल्याच ओळीला हात थबकला असेल, कारण तुला भिंगरी म्हणणारं माझ्याखेरीज जगात कुणी नाही. तर आधी एक गोष्ट सांगून टाकते, म्हणजे तुझा जीव भांड्यात पडेल. पत्र तुझ्या लेकीबद्दल आहे आणि ती सुखरूप आहे. कुठे पळून चाललेली नाही, कुणाच्या नादी लागलेली नाही, परीक्षेत दांडी उडालेली नाही. पण ती एका दुखण्यात एकटी सापडली आहे. दुखणं उपचारानं आटोक्यात येण्यासारखं आहे, आणि उपचार अडलाय तो एवढ्यावरच की ती तुझ्यापाशी तोंड उघडायला तयार नाही. का तयार नाही, ते मी सांगणार आहे. त्यासाठी मागचं बरंच उकरावं लागेल. तुला ते आवडणार नाही. मलाही कुठे आवडतंय.

मी सध्या एका त्वचेच्या दवाखान्यात काम करते, सुईच्या मशीनवर. बायकांच्या चेहऱ्यावरचे नको असलेले केस काढायचं ते मशीन. तुला हसू येईल, येऊ दे. एकेक केस चिमट्यात धरायचा, तो जिथून उगवतो तिथे बारीक सुई सरकवायची, पायानं बटण दाबलं की मुळाला वीज लागते आणि केस अलगद सुटून येतो. मग शेजारचा. एका हनुवटीला महिनोन्‌महिने लागतात. घाईच्या माणसाचं हे काम नव्हे. तू असतीस तर दुसऱ्याच दिवशी मशीन खिडकीतून फेकलं असतंस. माझ्या खुर्चीत शाळेतल्या बाई येतात, वकील येतात, बस चालवणारी एक दांडगी बाई येते, लग्न ठरलेल्या मुली येतात, आणि सगळ्या दारातून आत येतात त्या दाढ दुखत असल्यासारखा हात गालाला लावून. आडव्या झाल्या, दिव्याचा झोत तोंडावर आला, की बोलायला लागतात. दिवा डोळ्यांवर असला की समोरच्याचं तोंड दिसत नाही, म्हणून असेल. मी हूं की चूं करत नाही. होस्टेलमध्ये तुम्ही मला घुमी म्हणायचात, तो स्वभाव इथे फार उपयोगी पडला.

तुझी लेक गेल्या महिन्यात आली. शाळेच्या गणवेशात, पाठीला दप्तर, नाकापासून खाली मास्क. दवाखान्यात मास्क लावून आलेल्या माणसाकडे कुणी वळून बघत नाही, तेवढा विचार तिनं केला होता. मास्क काढला तेव्हा आमच्या डॉक्टरीणबाई, ज्या कशालाच दचकत नाहीत, त्याही खुर्ची पुढे ओढून बसल्या. केस काढायचं क्रीम लावून लावून पोरीनं हनुवटीची कातडी भाजून घेतली होती. डब्यावर लिहिलंय त्याहून कितीतरी जास्त वेळ ठेवायची म्हणे, कारण जाड केस तेवढ्यानं जात नव्हते. एका बाजूला पू झाला होता. आणि त्या सोललेल्या कातडीतून काळे ठिपके पुन्हा वर आले होतेच, केसांना कसली आलीय दयामाया. डॉक्टरीणबाईंनी त्या दिवशी फक्त जखमेचं औषध दिलं आणि सांगितलं की पुढच्या वेळी आईला घेऊन ये, तुझं वय लहान आहे, रक्त तपासावं लागेल, पोटाची सोनोग्राफी लागेल. ती नुसती मान डोलवत राहिली. मग जखम साफ करायला तिला माझ्याकडे पाठवलं. कागदावर तुझ्या नवऱ्याचं आडनाव होतं, पण त्या आडनावाची माणसं पैशाला पासरी, मी तिकडे लक्षही दिलं नाही. माझं लक्ष गेलं ते तिच्या पायाकडे. खुर्चीच्या पट्टीवर तो सारखा थडथडत होता, तू परीक्षेच्या वेळी अख्खा बाक हलवायचीस तसा. ‘हलू नकोस गं भिंगरी,’ असं माझ्या तोंडून निघून गेलं. तिला त्या नावाचा काही बोध झाला नाही. मला झाला.

आता आपलं. तुला आठवत नसेल तर आठवण करून देते, आणि आठवत असेल तर जरा जास्तच सविस्तर सांगते. होस्टेलच्या पहिल्या वर्षी मी सगळ्यांच्या आधी उठून न्हाणीघराच्या त्या एकुलत्या खिडकीत हातआरसा टेकवून हनुवटीचे केस उपटत असे. घरून तेवढंच शिकून आले होते. माझ्या आईनं मला त्यावर काही औषध दिलं नाही, एकच शिकवण दिली: उजेडाकडे तोंड करून बसत जाऊ नकोस. वर्गात, बसमध्ये, कुणाच्या घरी गेलं तरी, मी कायम खिडकीकडे पाठ करून बसायची. आणि एका सकाळी तू दात घासत, गाणं गुणगुणत आत आलीस. मला वाटलं, झालं, जेवणाच्या वेळेपर्यंत सगळ्या मजल्यावर बोभाटा होणार. तू आरशात बघितलंस, चूळ भरलीस आणि म्हणालीस, ‘असं उपटून फोड येतील गं वेडे. थांब, मला दोरा येतो.’ त्या दिवसापासून दर रविवारी खोलीला आतून कडी लावून तू माझा चेहरा करत आलीस. दोऱ्याचं एक टोक दातांत, फास दोन्ही हातांत, आणि तोंडात दोरा असूनही बडबड चालूच. माझ्या डोळ्यांतून पाणी यायचं ते दुखतंय म्हणून, असं तू समजायचीस. माझ्या चेहऱ्याला किळस न करता हात लावणारं तोवर कुणी भेटलं नव्हतं. आज हे कडू तोंडानं लिहितेय, तरी खोटं लिहिणार नाही. तू फार चांगली होतीस. डॉक्टरांकडे मला पहिल्यांदा ओढत नेलं तेही तूच, आणि आत गेल्यावर माझी वाचा बसली तेव्हा माझ्याऐवजी सगळं सांगितलंस तेही तूच. सगळ्या तपासण्या झाल्या, त्यांत वावगं काही निघालं नाही. काहींच्या अंगाचा गुणच असतो असा, डॉक्टर म्हणाले. गोळ्या सुरू झाल्या. सहा महिने काही फरक दिसणार नाही, धीर धरा, असं त्यांनी बजावलं होतं, आणि खरंच वर्षभरात माझा चेहरा माणसात आला.

मग तुझ्या डोक्यानं घेतलं की मला तुझी वहिनी करायची. तुझा दादा मला आवडला होता, उगीच नाही कशाला म्हणू. पण मी तुला म्हटलं होतं, त्याला हे सांगितल्याशिवाय मी पाऊल पुढे टाकणार नाही. आयुष्यभर काही ना काही औषधपाणी चालू राहणार, त्याला ठाऊक असायला हवं. तू म्हणालीस, ‘तू नको, तू रडशील आणि सगळा विचका करशील. मी सांगते.’ आणि दोन दिवसांनी नाचतच आलीस. ‘सांगितलं. म्हणाला, एवढंच ना, त्यात काय.’ वर मला दम भरलास की आता तू त्याच्यापाशी हा विषय काढू नकोस, बायकांच्या गोष्टी बोलायला त्याला संकोच वाटतो. मी तुझ्या गळ्यात पडून रडले. एवढंच ना, त्यात काय. त्या चार शब्दांच्या भरवशावर मी लग्न केलं. संसारात काही कुरबुर झाली, तुझी आई काही टाकून बोलली, की मी तेच चार शब्द मनातल्या मनात म्हणायची आणि माझा राग जायचा.

लग्नानंतर तुझा दादा त्याबद्दल एक अक्षर बोलला नाही. मला वाटायचं, काय समंजस माणूस मिळालाय. त्याचा हात माझ्या हनुवटीकडे आला आणि मी आक्रसले की तो हात मागे घ्यायचा, आणि मी त्याचे उपकार मानायची, की बघा, ठाऊक असून दाखवत नाही. त्याला बिचाऱ्याला वाटत असेल, बायको लाजाळू आहे. तरीही मी सगळं लपूनच करायची. नवऱ्याला ठाऊक असणं वेगळं आणि त्याच्या डोळ्यांदेखत चिमटा घेऊन बसणं वेगळं. शिवाय तुझ्या आईला कळू द्यायचं नाही हे आपल्या दोघींचं ठरलेलंच होतं. तुझं लग्न व्हायचं होतं, तू घरातच होतीस. सकाळी न्हाणीघरात मी, दाराबाहेर पहाऱ्याला तू. तुझी आई तिकडे येताना दिसली की तू मोठ्यानं गायला लागायचीस, आणि त्या म्हणायच्या, या पोरीला सकाळी सकाळी काय चावतं कळत नाही.

लेझर सुरू केलं तेव्हाची गंमत आठव. लेझरला कातडीखाली केसाचं मूळ जागच्या जागी लागतं, त्याला पकडूनच तो आत उतरतो. म्हणून डॉक्टरांनी ताकीद दिली की मधल्या दिवसांत उपटायचं नाही, दोरा नाही, चिमटा नाही. अगदीच वाटलं तर रेझर फिरवा. आपण दोघी बाहेर येऊन जिन्यात हसत सुटलो. बाईमाणसानं रेझर? तू म्हणालीस, आईला न्हाणीघरात दुसरा रेझर सापडला तर ती आधी परपुरुषाचा संशय घेईल, दाढीचा तिच्या डोक्यातही येणार नाही. हसण्यावारी गेलं ते गेलंच. रेझर घरात ठेवायची सोय नव्हती आणि खुंट वाढू द्यायची छाती नव्हती. म्हणून मी उपटतच राहिले, आणि महिन्याकाठी जाऊन जिथे काहीच शिल्लक नाही तिथे लेझर मारून घेत राहिले. फरक पडत नाही म्हणून डॉक्टर चक्रावून जायचे. मी म्हणायची, छे हो, मी तर हातही लावत नाही. लपवण्यापायी उपाय फुकट गेला. आता माझ्या खुर्चीत येणाऱ्या निम्म्या बायका हेच करून आलेल्या असतात आणि हेच खोटं बोलतात, मला त्यांच्या तोंडाकडे बघूनच कळतं.

त्यात तुझ्या आईला नातवंडाची घाई झाली. त्या गोळ्या चालू असताना दिवस राहून चालत नाही, पोटातल्या बाळाला त्या बाधतात, त्या आधीच थांबवाव्या लागतात. मी थांबवल्या. तुला सोडून कुणाला सांगितलं नाही. ज्यांना सून गुळगुळीत हवी आणि नातवंडही हवं, त्यांना हे दोन्ही एकदम मिळत नसतं हे कोण सांगणार? दिवस काही राहिले नाहीत. केस मात्र आले, मागची सगळी कसर भरून काढत आले.

आणि नेमका मला टायफॉइड झाला. हॉस्पिटलात हाताला सलाईन, कूस बदलायचं त्राण नाही. आठवडा उलटला तशी बोटांना हनुवटी कळायला लागली. मी नर्सला सांगून तुला निरोप पाठवला, की टॉवेलांच्या कप्प्यात मागे मोज्यात चिमटा आहे, तेवढा घेऊन ये, हात जोडते. तू आली नाहीस. का आली नाहीस ते मला आजवर कळलेलं नाही. मी तुझ्या वतीनं पुष्कळ कारणं शोधून पाहिली, एकही धड बसलं नाही. तुझ्याऐवजी तुझी आई आली, सकाळी, आणि माझी खाट खिडकीला लागून होती. जन्मभर जिच्याकडे पाठ केली ती खिडकी समोर आणि मी उताणी. त्यांनी माझ्या हनुवटीकडे पाहिलं. आणलेला डबा स्टुलावर ठेवला, पुन्हा उचलला आणि आल्या पावली निघून गेल्या. संध्याकाळी तुझा दादा आला. मी त्याच्याकडे बघून हसले, भिंगरी. मला वाटलं, सगळ्या घरात हा एक तरी आहे ज्याला यात काही नवीन नाही. त्यानं माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि मग तो बराच वेळ सलाईनच्या बाटलीकडेच बघत बसला. तेव्हा मला कळलं की तू त्याला काहीच सांगितलेलं नव्हतंस.

घरी आल्यावर पुढच्या खोलीत पंचायत बसली. अजून माझ्या अंगात ताकद नव्हती, भिंतीला टेकून बसले होते. तुझी आई म्हणाली, धडधडीत फसवलंय आपल्याला. दादा म्हणाला, ‘मला आधी सांगितलं असतंस तर...’ आणि ते वाक्य त्यानं आजवर पुरं केलेलं नाही. मी म्हटलं, सांगितलं होतं, हिच्याकडून. सगळे तुझ्याकडे बघायला लागले. तुझ्या आईनं विचारलं, ‘तुला ठाऊक होतं का गं हे?’ तू खुर्चीच्या पाठीमागे उभी होतीस आणि तुझा पाय मी पहिल्यांदा स्थिर पाहिला. ‘मला? मला कुठून ठाऊक असणार?’ म्हणालीस आणि कानांवर हात ठेवून मोकळी झालीस. केसानं गळा कापणं म्हणतात ते माझ्याइतकं शब्दशः कुणाच्या वाट्याला आलं नसेल. हस, हरकत नाही, मीही पुष्कळ वर्षांनी का होईना हसले. तुझं लग्न ठरत होतं, तूच दादाला अंधारात ठेवलंस हे तुझ्या होणाऱ्या सासरी गेलं असतं तर तुझी धडगत नव्हती, हे सगळं मला कळतं. कळलं म्हणजे पोटात घातलं असं नाही. घटस्फोटाच्या कागदांवर सह्या करताना वकिलाच्या खोलीत तुझा दादा काय म्हणाला, ठाऊक आहे? म्हणाला, केसांचं काही नव्हतं हो, माझ्याशी खोटं बोलली याचं वाईट वाटतं. मी त्याच्याशी खोटं बोललेच नव्हते. त्या खोलीतून बाहेर पडताना माझ्या मनाला नवरा सोडून गेल्याचं दुःख नव्हतं, ही एकच गोष्ट डाचत होती.

पुढचं माझं तुला ऐकायचं नसेल, म्हणून थोडक्यात. वर्ष-दीड वर्ष मी भावाच्या घरी मागच्या खोलीत काढलं, मग हे काम शिकले. आता एकटी राहते. सकाळी खिडकीची दोन्ही दारं उघडून, उजेडात, समोर चहाचा कप ठेवून मी आरामात रेझर फिरवते. समोरच्या गॅलरीतल्या आजी हात हलवतात, मीही हलवते. त्यांना काय दिसतं ते त्यांना विचारलेलं नाही. वय झालं, सुईनंही बरंच काम केलं, फार काही उरलेलं नाही. तुझ्या दादानं दुसरं लग्न केलं, दोन मुलं आहेत, हे इकडून तिकडून कानावर आलं. मी तुझ्याबद्दल मात्र कधी कुणाला विचारलं नाही. विचारलं असतं तर कुणीतरी सांगितलं असतं की ती मजेत आहे, आणि ते मला सोसलं नसतं.

तर तुझी लेक. जखम दाखवायला ती येत राहिली, शाळा सुटल्यावर, कधी शिकवणी बुडवून. आईला आणलंस का, विचारलं की आई बाहेरगावी, आईला ताप, आईच्या पाठीत लचक. या महिन्यात तू किती आजारी पडलीस याची तुला कल्पना नसेल. शेवटी मी विचारलं, आई मारते का गं? ती एवढी हसली की मला कापूस बाजूला घ्यावा लागला. ‘छे हो, आई एकदम मस्त आहे.’ मग अडलंय कुठे? तेव्हा म्हणाली, ‘काकू, आमच्याकडे ना एक मामी होती. आधीची. दाढीवाली.’ आणि तोंडपाठ गोष्ट सांगावी तशी तिनं सुरुवात केली. दाढीवाल्या मामीनं भोळ्या मामाला कसं फसवलं. पहाटे उठून न्हाणीघरात ती काय काय करायची. आजारी पडली आणि बिंग कसं फुटलं, आजी डबा घेऊन कशी उलट्या पावली परत आली. ‘आई इतकं भारी करून दाखवते ना, आजी पण, मामी पण. पाहुणे आले की सगळे म्हणतात, ती मामीची गोष्ट सांग.’ सांगता सांगता ती हसायला लागली. मग तिचा हात आपोआप हनुवटीकडे गेला. मी विचारलं, तुझ्या आईला ठाऊक नव्हतं का हे? ‘कुणालाच नव्हतं. आई म्हणते, एका घरात राहून आम्हाला पत्ता लागला नाही.’ मग छताकडे बघत म्हणाली, ‘मी आईला सांगितलं ना काकू, की मीपण त्या गोष्टीतली होईन.’

मी तिची जखम नीट पुसली, मलम लावलं, मास्क कसा सैल बांधायचा ते दाखवलं. घरी आले आणि पायातल्या चपला न काढता तशीच खुर्चीत बसून राहिले. राग हा शब्द फार लहान आहे गं. तू एकदा घाबरून खोटं बोललीस ते मी इतकी वर्षं उरात घेऊन जगले, पण घाबरली होती बिचारी, असं म्हणायला एक कोपरा ठेवला होता. तू तर त्याचा खेळ केलास. माझी नक्कल करतेस. चार माणसांत माझी हनुवटी वर करून दाखवतेस. आणि भिंगरी, पहाटे मी न्हाणीघरात काय करायची हे दाराबाहेर पहारा देणारीखेरीज कुणाला ठाऊक असणार? इतक्या वर्षांत तुझ्या एकाही पाहुण्याला हा प्रश्न पडला नाही, याचंच मला नवल वाटतं. माझं सोड. माझं जे व्हायचं ते होऊन गेलं. पण त्या खेळाला पहिल्या रांगेत तुझी पोर बसलेली होती, आणि ती हसत हसत शिकली की अंगावर केस असलेली बाई म्हणजे फसवी बाई.

आता कान देऊन वाच. तिची पाळी कित्येक महिने आलेली नाही. ते तिनं तुला सांगितलेलं नाही, कारण त्यावरून दुसरं निघेल अशी तिला भीती. बास्केटबॉलचा संघ तिनं गुडघा दुखतो म्हणून सोडला, तो गुडघा ठणठणीत आहे; घाम पुसताना मास्क काढावा लागतो, एवढंच. क्रीम बंद केलं तर चिमट्यानं उपटते आणि मला सांगते, मी तर हातही लावत नाही. केस थोड्या दिवसांत फार भराभर वाढलेत, म्हणून आमच्या डॉक्टरीणबाईंना नुसतं वरवरचं काही करायचं नाही. बहुतेकींना असतो तसा बीजकोशांचा त्रास, पीसीओडी म्हणतात तो, असेल तर औषधानं, खाण्याफिरण्याच्या शिस्तीनं आवरतो. क्वचित आणखी काही निघतं, आणि ते लवकर कळलेलं बरं. माझं केसांवरच भागलं. तिचं काय आहे ते तपासल्याशिवाय कुणालाच सांगता येणार नाही. मोठ्या हॉस्पिटलात हार्मोनच्या डॉक्टरांची बुधवारची वेळ घेऊन दिली आहे. आई किंवा वडील बरोबर असल्याशिवाय ते तिला हात लावणार नाहीत. वडिलांना न्यायचा प्रश्नच नाही, म्हणते, आणि तुला का सांगत नाही ते तुला कळलंच आहे.

हे पत्र आजच का, तर काल ती निघून गेली आणि जिन्यावरून परत आली. दप्तराचा पट्टा ओढत उभी राहिली आणि म्हणाली, ‘काकू, बुधवारी तुम्ही याल का माझ्याबरोबर? आई म्हणून? तिथे तुम्हाला कुणी ओळखत नाही.’ मला आयुष्यात कुणी आई म्हटलेलं नाही. माझ्या तोंडाशी हो आलं होतं. मी म्हटलं, आधी तुझ्या आईला एक पत्र लिहून बघू का? ती म्हणाली, लिहा, पण अनोळखी बाईचं ऐकून आई येणार नाही. मी कोण हे तिला ठाऊक नाही, आणि मी सांगणारही नाही. ते तू सांग, बुधवारच्या आत सांग, तुझ्या तोंडानं सांग, आणि या वेळी नक्कल न करता सांग. मग तिचा हात धरून तिला घेऊन जा, मला तिथे यायचं काही कारण उरणार नाही. नाही आलीस, तर मी जाईन आणि तिच्या शेजारच्या खुर्चीत बसेन. तिथे आधी हेच विचारतात, की घरात आणखी कुणाला असा त्रास होता का. मामी काही रक्ताची नसते, डॉक्टरांना त्या उत्तराचा काडीचा उपयोग नाही, पण तुझ्या लेकीला आहे. म्हणून तिची आई म्हणून मी सांगेन, की हो, हिच्या मामीला होता, आणि मला ते पहिल्यापासून ठाऊक होतं.

तुझीच,
घुमी